साडेपंधरा सेंटिमीटरचे स्पिटफायर आणि त्याचे खरे बिल

डब्यावर किंमत असते साधारण 2,000 रुपये. विमान कपाटात उभे राहीपर्यंत तुमचे 6,000 गेलेले असतात. यात फसवणूक कुणाचीच नाही. डब्यात फक्त प्लास्टिक असते; हत्यारे, रंग, वार्निश, अक्षरे आणि टपालखर्च यांचा हिशेब डब्यावर छापत नाहीत, म्हणून तो इथे मांडला आहे. आकडे ढोबळ आहेत, दुकानागणिक शे-दोनशे इकडे तिकडे होतील. इंदूरमध्ये राहून दुसऱ्या महायुद्धातले किंवा 1971 चे लढाऊ विमान बांधायचे, ते रणभूमीवरून आल्यासारखे मळवायचे आणि घरात भांडण होऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठी हा मजकूर.

आधी विमान ठरवा. पहिलेच असेल तर स्पिटफायर मार्क वन, 1/72 मापात. जोड सोपे, भाग कमी, आणि बिघडलेच तर पुन्हा मिळते. मराठी घरात ठेवायला त्याला एक नातेही आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या 124 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव होते, गायकवाडांच्या संस्थानाने दिलेल्या देणगीवरून. 1941 मध्ये ती स्कॉटलंडमध्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा स्पिटफायरच उडवत होती. त्या काळी स्पिटफायर निधीला देणगी देणाऱ्यांसाठी एका विमानाची किंमत 5,000 पौंड धरलेली असे. तुमचे त्या मानाने स्वस्तात होते आहे.

नॅट हवे असेल तर जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर एकाकी लढून परमवीरचक्र मिळवणारे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों ज्यात होते, ते नॅट एकासनी. बाजारात सहज दिसणारे एअरफिक्सचे नॅट मात्र दुआसनी शिकाऊ विमान आहे, ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ कसरत पथकाचे. त्याचे धड लांब आणि पंख वेगळे. त्यावर भारतीय खुणा चिकटवल्या तरी ते सेखोंचे विमान होत नाही. डब्यावरच्या चित्रात वैमानिकाच्या मागे दुसरी खुर्ची दिसली, की परत ठेवा. एकासनी नॅट आणि त्याचा भारतीय वारस ‘अजीत’ चेक कंपनी स्पेशल हॉबीने काढले आहेत. पण ते मर्यादित उत्पादनाचे किट. भाग एकमेकांत बसवायला खुंट्या नसतात आणि घासकाम भरपूर. दुसरे किंवा तिसरे विमान म्हणून घ्या.

हंटरसाठीही एक सूचना. 1971 मध्ये लोंगेवालाची लढाई गाजवणारे आपले हंटर ‘एफ-56’ होते. ब्रिटिश ‘एफ-6’ हा त्यांचा पाया, पण आपल्या विमानांना शेपटाशी ब्रेक पॅराशूट होते. त्यामुळे ‘एफ-6’च्या डब्यातून ते बनवताना शेपटीवर थोडी पुट्टी आणि थोडी हिंमत लागते. हरिकेनही सोपे आहे, आणि इंफाळच्या लढाईत आपल्या 1 नंबर स्क्वाड्रनने तेच उडवले. मात्र ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांवर लाल रंग नव्हता. जपानी गोळ्याशी गल्लत नको म्हणून वर्तुळे गडद निळी आणि फिकट निळी. डब्यातली लाल मध्यबिंदूची वर्तुळे लावलीत तर विमान युरोपातले होते.

माप निवडताना आधी कपाट मोजा. स्पिटफायरचे पंख 1/72 मध्ये साडेपंधरा सेंटिमीटर भरतात, 1/48 मध्ये साडेतेवीस. 1/48 चे हंटर जवळजवळ 30 सेंटिमीटर लांब, म्हणजे पुस्तकांच्या साध्या फळीवर नाक बाहेर येते. मोठे माप दिसते छान, पण त्यात डब्याची किंमत दुप्पट आणि रंग दुपटीहून जास्त लागतो.

आता खरेदी. राजवाड्याच्या आसपास किंवा रानीपुऱ्यात खेळण्यांच्या दुकानांत विचारलेत तर तयार धातूचे विमान किंवा बॅटरीचे हेलिकॉप्टर पुढे येईल. तुम्हाला हवा तो डबा मागवावाच लागतो. भारतातल्या ऑनलाइन छंद-दुकानातून घेतलात तर 1/72 चे स्पिटफायर 1,500 ते 2,200, 1/48 चे चांगल्या जपानी कंपनीचे 3,500 ते 5,000. एअरफिक्सचा ‘स्टार्टर सेट’ घेतलात तर त्यात रंगांच्या डब्या, ब्रश आणि गोंदही येतो. पहिल्या वेळी हाच घ्या, पण विक्रेत्याला रंग वाळलेले नाहीत ना ते विचारा. दोन-तीन वर्षे गोदामात पडलेल्या डब्यातले रंग खडूसारखे निघतात. मोठ्या खरेदी-संकेतस्थळांवर एकच डबा तीन विक्रेते तीन भावांत विकतात आणि कधी कधी फरक दुपटीचा असतो. शोधताना विमानाचे नाव टाकू नका, डब्यावरचा किट-क्रमांक टाका. चुकीची आवृत्ती पदरात पडण्याचा धोकाही त्याने टळतो.

परदेशातून मागवायचे असेल तर पेन घेऊन बसा. खेळणी आणि स्केल मॉडेल सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकाखाली येतात. त्यावरचे मूळ शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70. समजा डबा 2,500 चा आणि टपाल 1,500. शुल्क दोन्हींच्या बेरजेवर लागते. 4,000 चे 70 टक्के म्हणजे 2,800, त्यावर जीएसटी वेगळा. खासगी कुरियर असेल तर ‘क्लिअरन्स’ किंवा ‘आगाऊ भरणा’ या नावाने त्याचे सेवाशुल्क आणखी. 2,500 चा डबा 7,000 च्या पुढे जाऊन घरी येतो. पार्सलवर प्रत्यक्षात कोणत्या दराने आकारणी करायची ते कस्टम्स ठरवते. कमी लागले तर आनंदच, पण मागवताना हा वरचा आकडा धरा.

यावर एक जुना उपाय ऐकायला मिळतो: विक्रेत्याला पाकिटावर ‘भेट’ लिहायला सांगा. तो ऐकू नका. भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर 2019 मध्येच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वाचली. किंमत कमी लिहून घेण्याच्या फंदातही पडू नका. पार्सल अडकले तर सोडवण्याच्या खेपा तुमच्या, विक्रेत्याच्या नाहीत. कुरियरवाले ओळखीची कागदपत्रे मागतात. आधार, पॅन किंवा पासपोर्ट यांची प्रत आणि खरेदीचे बिल आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा. पत्त्यावरचे नाव आणि कागदावरचे नाव एकच हवे. ‘बंडूकाका’ या नावाने मागवलेले पार्सल तुमचे आहे हे सिद्ध करायला तुम्हालाच पळावे लागेल.

सिंगापूरहून किंवा दुबईहून भाचा येत असेल तर त्याला सांगणे सगळ्यात स्वस्त. पण फक्त प्लास्टिकचा डबा. गोंद, पातळ करायचे द्रव आणि स्प्रे ज्वलनशील असतात, ते विमानाच्या सामानात चालत नाहीत. त्याच कारणाने भारतातले दुकानदारही रंग जमिनीवरूनच पाठवतात. डबा चार दिवसांत आला आणि रंग बाराव्या दिवशी, तर तक्रार करू नका. वेगवेगळे मागवलेत तर टपालखर्च मात्र दोनदा लागतो. म्हणून किट, गोंद, रंग आणि वार्निश एकाच विक्रेत्याकडून एकाच वेळी घ्या. दर वेळी 100 ते 150 रुपये वाचतात.

पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा. सुट्या भागांच्या फ्रेम सूचनापत्राशी ताडून पाहा. पारदर्शक भाग उजेडात धरा, तडा सगळ्यात आधी तिथे जातो. परत करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात दिवस किंवा कमी असते, आणि आपण डबा उघडतो दिवाळीच्या सुट्टीत.

हत्यारांसाठी ऑनलाइन ‘मॉडेलिंग टूल सेट’ घेऊ नका. 1,200 रुपयांच्या त्या पाकिटातली निम्मी हत्यारे तुम्ही कधीच वापरणार नाही. महारानी रोडला जा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किटच्या भागांचे पाय कापायचा सपाट धारेचा छोटा निपर मिळतो, 100 ते 150 रुपयांना. फ्रेममधून भाग सोडवायला तो चालतो. तिथेच टोकदार चिमटा 80 ला आणि सर्किट साफ करायचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ते का, ते पुढे सांगतो. सियागंजच्या आसपासच्या हार्डवेअर दुकानांत वॉटर पेपर सुट्टा मिळतो: 400, 600, 1000, 1500 आणि 2000 नंबर, प्रत्येकी 15 ते 25 रुपये. 400 ने सुरुवात करा आणि पुढच्या नंबराशिवाय थांबू नका, ओरखडे रंगाखाली लपत नाहीत. खजुरी बाजारात ब्रश, पेनसारखा कटर आणि त्याची सुटी पाती मिळतील. ब्रशावर कंजुषी नको. 0, 2 आणि 6 नंबरचे तीन चांगले ब्रश 300 रुपयांत येतात, आणि त्यांच्यापुढे 100 रुपयांचा बारा ब्रशांचा संच केरसुणीच. रविवारी या बाजारांकडे फिरकू नका. इतर दिवशी सकाळी अकराला पोचा आणि चारचाकी घरी ठेवा. राजवाड्याजवळ पार्किंग शोधण्यात निपरच्या किमतीएवढे पेट्रोल जाते.

गोंद दोन लागतात. मुख्य जोडांसाठी प्लास्टिक वितळवून सांधणारा पातळ गोंद, 300 ते 400 रुपयांची बाटली. ती सात-आठ विमानांना पुरते. इथे पर्याय शोधू नका. रंगाच्या दुकानातला एनसी थिनरही प्लास्टिक वितळवतो, पण कुठे थांबायचे ते त्याला कळत नाही. दुसरा गोंद काचेच्या भागासाठी: घरातला पांढरा फेविकॉल. वाळल्यावर पारदर्शक होतो, चुकला तर ओल्या कापडाने पुसता येतो, आणि खर्च शून्य. झटपट चिकटणारा सुपरग्लू काचेजवळ नेऊ नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते. माझ्या पहिल्या विमानाचा वैमानिक अजून धुक्यातच बसला आहे. सुपरग्लू वापरायचा तर फटी भरायला, वर टाल्कम पावडर टाकून. पुट्टीच्या 350 रुपयांच्या ट्यूबचे काम दहा रुपयांत होते. लगेच घासा. रात्रभर ठेवलात तर दगड होतो.

रंगांचा खर्च वाढतो तो ‘आणखी एक छटा’ घेण्यातून. बडोदा स्क्वाड्रनच्या मे 1941 च्या स्पिटफायरला मुख्य रंग तीन: वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली फिकट हिरवट ‘स्काय’. शेपटीआधीचा पट्टा आणि पंख्याची टोपीही स्कायचीच. ऑगस्ट 1941 नंतरचे करायचे असेल तर तपकिरीच्या जागी राखाडी आणि खालीही राखाडी. टामिया कंपनीच्या रंगांत हिरवा आणि हे दोन राखाडी एक्सएफ-81, 82 आणि 83 या क्रमांकांचे मिळतात. 10 मिलिलिटरची बाटली 200 ते 280 रुपयांना. तीन मुख्य रंग, एक काळा, एक चंदेरी. बस. वैमानिकाच्या कक्षासाठी वेगळा हिरवा घ्यायची गरज नाही, 1/72 मध्ये बंद काचेआड ते कुणाला दिसत नाही. हे वाचून काही जुने छंदी माझ्यावर चिडतील. त्यांना चिडू द्या, तुमचे 250 वाचले.

टामियाचे ॲक्रिलिक पातळ करायला महारानी रोडचे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, कंपनीच्या थिनरच्या पाव किमतीत. वायेहो या स्पॅनिश कंपनीचे रंग घेतलेत तर मात्र तेच अल्कोहोल टाकू नका, रंग दह्यासारखा फुटतो. त्यांना पाणी किंवा त्यांचेच थिनर. दोन कंपन्यांचे रंग एका वाटीत मिसळण्याचा प्रयोगही नको.

एअरब्रश? पहिल्या विमानाला नको. चार्जिंगवर चालणारा छोटा संच 1,500 ते 3,000 ला, टाकीसकट कॉम्प्रेसर आणि बरी बंदूक 6,000 ते 9,000 ला, पुढे सुया, नळ्या, सफाईची बाटली. आणि दर वेळी अर्धा तास धुणे. तिसऱ्या विमानापर्यंत छंद टिकला तर घ्या. कॉम्प्रेसर घेतानाच घ्या टाकीवाला. बिनटाकीचा घेऊन सहा महिन्यांनी बदलणारे बरेच पाहिले. हार्डवेअरचा 200 रुपयांचा स्प्रे हा मधला मार्ग वाटतो, पण त्यातला तेज द्रव प्लास्टिकवर कोरलेल्या पत्र्याच्या पट्टांच्या बारीक खाचा पुसून टाकू शकतो. आधी रिकाम्या फ्रेमवर उडवून पाहा.

हंगाम पाहा. इंदूरला ऑक्टोबर ते मार्च सगळ्यात उत्तम. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी ॲक्रिलिक ब्रशावरच वाळते, रेघा उमटतात. तेव्हा सकाळी सातला बसा आणि रंगात वाळणे लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब टाका. पावसाळ्यात स्प्रे आणि लॅकर पांढरट पडतात, कारण हवेतला ओलावा थरात अडकतो. जुलैत बांधणी करा, रंग सप्टेंबरनंतर. बंद खोलीत स्प्रे नको, आणि स्वयंपाकघरात गॅस चालू असताना तर मुळीच नको. साधा कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. रामबागेसारख्या जुन्या भागात घराला गच्ची असेल तर ती वापरा, पण खाली कुणाचे पापड वाळत नाहीत ना ते बघा.

खुणांचे कागद म्हणजे डेकल. बडोदा स्क्वाड्रनची ‘ओएन’ ही अक्षरे डब्यात नसतात, डब्यात दुसऱ्याच पथकाची असतात. राखाडी अक्षरांचे सुटे पत्रक 500 ते 700 रुपयांना मिळते, पुष्कळ वर्षे पुरते. भारतीय केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांची पत्रकेही भारतात बनतात, विक्रेत्याला विचारा. वर्तुळात हिरवा आत आणि केशरी बाहेर, शेपटीच्या पट्ट्यात केशरी पुढच्या कडेला. उलटे लावलेले विमान मी एका प्रदर्शनात पाहिले आहे. छपाईच्या दुकानातून डेकल-कागदावर छापून घ्यायचा बेत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पारदर्शक कागदावर पांढऱ्याची जागा रिकामी राहते आणि खालचा हिरवा दिसतो. पांढऱ्या पाठीचा कागद मागा. इंकजेटवर छापले असेल तर पाण्यात बुडवण्याआधी वार्निशचा थर हवाच, नाहीतर वर्तुळासकट सगळे वाहून जाते.

आता ज्यासाठी हा छंद लागतो ते: विमान मळवणे. इथे दुकानदार तुम्हाला सगळ्यात जास्त कापतात. ‘इंजिनचा धूर’, ‘युरोपची धूळ’, ‘तेलाचे डाग’ अशा नावांच्या बाटल्या प्रत्येकी 350 ते 450. पाच घेतल्यात तर 2,000. तेच काम 400 रुपयांत होते, आणि माझ्या मते जास्त बरे होते, कारण थोडे थोडे चढवता येते.

यादी अशी. कॅमलचे आर्टिस्ट ऑइल कलर, ‘बर्न्ट अंबर’ आणि काळा, दोन छोट्या ट्यूब, 150 च्या आत. (कॅमलिन म्हणजे दांडेकरांनी 1931 मध्ये सुरू केलेली मुंबईची कंपनी, तिचा माल खजुरी बाजारात हमखास मिळतो.) हार्डवेअरमधून तारपीन, 80. कोरडे पेस्टल खडू, 100. इथे चूक होते: दुकानदार ऑइल पेस्टल देतो, ते चिकट असतात, पूड होत नाही. बोट घासून पाहा, पूड हाताला लागली पाहिजे. चंदेरी पेन्सिल, 30. किराण्याकडून गेरू, 20. काळी माती फुकट, माळव्यात आहात.

क्रम बदलू नका. रंग वाळला की चकचकीत वार्निश, मग डेकल, पुन्हा चकचकीत, एक दिवस विश्रांती. मग ऑइल कलर तारपिनात चहाइतका पातळ करून पट्टांच्या खाचांत सोडा. तो खाचेतून आपोआप धावतो. अर्ध्या तासाने तारपिनाने ओलावलेल्या इअरबडने पुसा, वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे, पंखावरही पुढून मागे. वार्निशाशिवाय हे करू नका. उघड्या प्लास्टिकवर तारपीन साचले तर ताणलेले जोड ठिसूळ होऊन तडकतात. खाच शुद्ध काळ्याने भरू नका. तपकिरीत थोडा काळा. सगळे पट्ट काळ्या रेघांनी आखलेले विमान वहीतल्या चौकटींसारखे दिसते.

रंग उडाल्याच्या खुणा चंदेरी पेन्सिलीने, आणि विचार करून. रंग उडतो तिथे हात आणि बूट लागतात म्हणून. स्पिटफायरच्या वैमानिकाचे दार डाव्या बाजूला, त्यामुळे डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांचे घासणे जास्त, उजवीकडे कमी. बंदुका भरायची झाकणे रोज उघडतात, त्यांच्या कडा चमकू द्या. पंखाची पुढची कड, पंख्याची पाती. पण सुकाणू कापडाचे होते, कापडाखालून चांदी निघत नाही. हरिकेनच्या मागच्या अर्ध्या धडालाही कापडच आहे, आणि निम्मे लोक हे विसरून तिथे चंदेरी ओरखडे मारतात. चंदेरी टिपके मारताना पाच मोजा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी कमी वाटले तर आणखी पाच.

आणखी दोन घरगुती युक्त्या. चंदेरी थरावर केसांचा स्प्रे मारा, वर ॲक्रिलिक रंग द्या, अर्ध्या तासाने ओल्या ताठ ब्रशाने हलके घासा. रंग खरोखर सोलतो. किंवा ओल्या जागेवर मिठाचे खडे टाका, वरून रंग उडवा, वाळल्यावर खडे झटका. मीठ जाडे घ्या, बारीक मिठाने पुरळ उठल्यासारखे दिसते. ब्रशाने रंगवणाऱ्यांना मिठाची युक्ती जमत नाही, ती स्प्रेसाठीच.

धूर. पेस्टलचा काळा आणि तपकिरी खडू पात्याने खरवडा, मऊ ब्रशाने धुराड्यांपासून मागे ओढा. मधोमध फिकट राखाडी, कडेला गडद. पंखातल्या आठ बंदुकांची तोंडे उड्डाणाआधी लाल कापडी पट्ट्यांनी बंद करत. पट्ट्या शाबूत दाखवल्यात तर गोळीबाराचा धूर दाखवू नका, दोन्ही एकदम नसतात. धुराचा पट्टा पंखाच्या खालीही ओढा, तिथून रिकाम्या पुंगळ्या पडत. नॅटच्या दोन तोफा हवा घेण्याच्या तोंडांशी, हंटरच्या चार नाकाखाली, तेव्हा धूरही तिथेच. ब्रह्मदेशातल्या हरिकेनच्या चाकांना गेरूत चिमूटभर काळी माती मिसळून मलमलमधून गाळून लावा. स्कॉटलंडमधल्या बडोदा स्क्वाड्रनच्या चाकांना गेरू नको, तिथे गवत आणि चिखल: बर्न्ट अंबर पुरे. काजळ वापरायचा मोह होतो, पण ते तेलकट असते आणि वर्षभर बोटाला लागत राहते. शेवटी मंद वार्निश, सगळे एकसारखे निस्तेज करणारे. त्याने पेस्टलचा निम्मा धूर नाहीसा होतो, तो गृहीत धरून आधी थोडा जास्त चढवा. काचांना चिकटपट्टी लावल्याशिवाय मंद वार्निश मारू नका. चकचकीत आणि मंद मिळून 600 रुपये.

रंगछटा पाहायला खरे विमान हवे असेल तर दिल्लीत पालमचे वायुसेना संग्रहालय गाठा. हरिकेन, स्पिटफायर, नॅट आणि हंटर तिथे एकाच जागी आहेत. सुट्टीचा वार आणि छायाचित्रणाचे नियम निघण्याआधी तपासा. संग्रहालयातले विमान नव्याने रंगवलेले असते, त्यामुळे मळ कसा दिसतो ते तिथे कळणार नाही. धुराड्याची जागा, झाकणांच्या कडा आणि चाकांची उंची पाहून या.

वेळ: पहिले 1/72 विमान 20 ते 25 तासांचे काम, पण वाळण्याचे दिवस धरून चार शनिवार-रविवार. एका बैठकीत उरकायला गेलात तर बोटांचे ठसे रंगात उमटतील. कुणाकडून बांधून घ्यायचे असेल तर मजुरी डब्याच्या किमतीच्या तीन ते पाच पट पडते. ठरवताना विचारा: डेकलचा खर्च आत की बाहेर, मळवणे किती, काच वितळली तर सुटा भाग कोण आणणार, आणि पाठवताना मोडले तर कुणाचे. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका, आणि मळवण्याआधीचे छायाचित्र मागा.

उरलेले तारपीन मोरीत ओतू नका. रंगाच्या डब्या, सुपरग्लूच्या नळ्या आणि भिजलेल्या चिंध्या कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाका. इंदूरच्या गाडीवर सहा कप्पे आहेत, गाडीवाला ओल्यात टाकलेले परत देतो. चिंध्या आधी उघड्यावर वाळवा, तारपिनाचा बोळा पिशवीत कोंबून ठेवला तर पेट घेऊ शकतो. विमानाला ॲक्रिलिकची पेटी करून घ्या, 20 बाय 20 बाय 10 सेंटिमीटरची 500 ते 700 ला. माप देताना पंख्यासकट मोजा. पंखा सगळ्यात आधी मोडतो, आणि तो मोडणारा बहुतेक वेळा धूळ पुसणारा माणूस असतो.